आंधळा काळा, डोळस काळा

दगडांच्या वखारीत माणसाचं खरं नाव फार दिवस टिकत नाही. महिन्याभरात त्याला दुसरंच काहीतरी चिकटतं आणि मग ते घासूनही जात नाही. मोठ्या करवतीवर वीस वर्षं काढून ज्याचा डावा कान कायमचा बसला, तो कानसेन. आणि या कानसेनाची बायको, पॉलिशच्या शेडमधली, ती आरसेवाली.

तिच्या हाताखालून गेलेल्या लादीत बघून क्रेनवाला मिशा विंचरायचा. एकदा म्हणाला, "आरसेवाली, जरा सरळ घास की. नाक वाकडं दिसतंय."

"दगडाचा काय दोष? ते तुझ्या आईबापानं वाकडं करून पाठवलंय," ती म्हणाली. मान वर केली नाही की हातातलं यंत्र थांबवलं नाही.

पॉलिश म्हणजे गुडघ्यांवरचं काम. लाकडी ओंडक्यांवर लादी आडवी टाकायची, गुडघ्यांखाली दुमडलेलं पोतं घ्यायचं, एका हातानं पाण्याची नळी आणि दुसऱ्या हातानं फिरती चकती धरायची. अशा सात चकत्या. पहिली मांजराच्या जिभेसारखी खरखरीत, सातवी तळहातापेक्षा मऊ. एकीचे ओरखडे दुसरीनं काढायचे, दुसरीचे तिसरीनं. मधली एखादी गाळली तर सातव्या चकतीला दगड चुगली करतो. सतरा वर्षांत तिनं एकही चकती गाळली नव्हती.

या सतरा वर्षांत तिनं काळ्या दगडाच्या दोन जाती पाडल्या होत्या. बिलावर सगळ्यालाच 'काळा ग्रॅनाइट' लिहीत, पण तिला ते पटायचं नाही. एका काळ्यात बारीक बारीक कण असायचे, लादी उजेडात तिरकी केली की लुकलुकायचे, जणू दगड आपल्याकडे बघतोय. तो डोळस काळा. दुसरा अगदी सपाट, गप्प, कितीही तिरका करा, कुठं काही चमकत नाही. तो आंधळा काळा. डोळस टणक, चिवट, आंधळा त्यामानानं मऊ, असा तिचा हिशेब. हळूहळू सगळ्या वखारीनं हे शब्द उचलले. ट्रकवालेसुद्धा विचारायचे, "आज काय घेताय, आंधळा की डोळस?"

मग गुडघे बोलायला लागले. आधी पायऱ्या चढताना, मग उतरताना, मग नुसतं बसलं तरी. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "बाई, गुडघ्यांतलं वंगण संपलंय. एक तर हे काम ठेवा, नाहीतर हे गुडघे ठेवा."

"दोन्ही नाही का ठेवता येणार?"

"अजून दोन वर्षं येईल. मग दोन्ही जातील."

वखारीत बसून करायचं काम एकच होतं आणि ते होतं तात्यांचं. तात्या म्हणजे वखारीचे पारखी. फाटकाशी त्यांची खुर्ची. ट्रक आला की मागचा फळका पाडायचा, तात्यांनी उठून दगडावर हातोडी वाजवायची, आवाज ऐकायचा, बोट फिरवायचं आणि खडूनं खूण करायची. तात्या म्हणतील तो दगड आत, नाही म्हणतील तो परत. आणि तात्या महिन्याभरानं काम सोडणार होते.

तिनं तीन दिवस मनात घोळवलं आणि चौथ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये ओल्या हातांनीच शिरली.

"तात्यांची खुर्ची मला द्या."

मालकांनी चष्मा वर केला. "पारखी? बाई माणूस? ट्रकवाले तुझं ऐकतील का?"

"ट्रकवाल्यांना ऐकवायला कशाला पाहिजे, मालक? दगड ओळखायचाय. तो माझं ऐकतो."

मालक माणूस वाईट नव्हता, फक्त कुठलीही गोष्ट फुकट द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी खिडकीतून मागच्या आवाराकडं बोट दाखवलं. तिथं साठ काळ्या लाद्या उभ्या होत्या. गेल्या आठवड्यात पाण्याचा मोठा पाइप फुटला आणि त्यांच्यावरच्या खडूच्या खुणा धुऊन गेल्या. कुठली कुठल्या खाणीतली, काही कळायला मार्ग उरला नव्हता. त्यातल्या चाळीस एका नव्या इस्पितळाला जायच्या होत्या, रक्त तपासतात त्या खोल्यांतल्या टेबलांवर बसायला. तिथं दिवसभर अ‍ॅसिडं सांडणार. अट एकच, दगडाला डाग पडता कामा नये.

"हे निवडून दे," मालक म्हणाले. "एकही लादी परत आली नाही तर खुर्ची तुझी."

तिला तर हे घरचंच काम. दोन दिवस ती उन्हात लाद्या तिरक्या करत राहिली, क्रेनवाल्याला "आण, ने, फिरव, अरे तिकडं नाही" करत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी हिशेब लागला. एक्केचाळीस डोळस, एकोणीस आंधळ्या. डोळसपैकी चाळीस इस्पितळाला ठरल्या, वर एक शिल्लक. मालक खूश. म्हणाले, "उद्या दुपारी ट्रक लागेल. परवापासून तात्यांच्या शेजारी बसून शिकायला लाग."

त्या संध्याकाळी ती घरी गेली तीच मुळी गुडघे विसरून.

घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत लेक परीक्षेचा अभ्यास करत बसली होती, वही मांडीवर, पाय भिंतीला. कानसेन ओट्याशी कांदा चिरत होते. करवतीवरचा माणूस असल्यानं कांद्याचे तुकडे अगदी एका मापाचे पडायचे, पण एक कांदा संपायला अर्धा तास लागायचा.

"आई, प्रश्न विचार ना मला," लेक म्हणाली. "अग्निजन्य आणि स्तरित खडक यांतला फरक सांगा. पाच गुण."

"मला कुठं वाचता येतंय ते तुझं बारीक अक्षर? तूच सांग, मी ऐकते. दगडाचंच आहे ना?"

लेकीनं डोळे मिटले आणि गाडी सोडली. "अग्निजन्य खडक तप्त शिलारस थंड होऊन तयार होतात. स्तरित खडक गाळाचे थर एकावर एक साचून, दाबले जाऊन तयार होतात. अग्निजन्य खडकात जीवाश्म नसतात. स्तरित खडकात सापडतात."

"जीवाश्म म्हणजे?"

"अगं, शिंपले, गोगलगायी, मासे. मेले, गाळात पुरले गेले, दगड झाले."

आरसेवाली हसली. आंधळ्या काळ्यात तिला कितीदा पांढरा गोल वळसा दिसला होता, नखाएवढा, जिलबीचा पिटुकला तुकडा पडावा तसा. ती त्याला आजवर डाग समजत आली होती. "म्हणजे आंधळा काळा समुद्राच्या तळचा चिखल म्हण की. आणि डोळस आगीतला. बघ, शाळेत न जाता मला दोन गुण मिळाले."

"पुढं ऐक ना. शिलारस जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला तर स्फटिक मोठे होतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. बाहेर येऊन पटकन थंड झाला तर स्फटिक इतके बारीक राहतात की डोळ्यांना दिसतच नाहीत."

"थांब," आई म्हणाली. "दिसतच नाहीत?"

"नाहीत."

"मग तो दगड कसा दिसतो? सपाट? गप्प?"

"मला काय माहीत? पुस्तकात चित्र पण काळंच छापलंय."

"पण जन्म आगीतलाच?"

"आगीतलाच. अग्निजन्यच धरायचा. कसा दिसतो यावर जात ठरत नाही, कुठून आला यावर ठरते. बाईंनी हे वाक्य खाली रेघ मारून लिहायला सांगितलंय."

आरसेवालीला एक जुनं कोडं आठवलं. शेडमध्ये काही आंधळ्या लाद्या अशा निघायच्या की चमक यायला अर्ध्या दिवसाऐवजी दीड दिवस खायच्या. दर वेळी ती चकत्यांना शिव्या घालायची. चकत्या निकृष्ट आल्या, पाणी जड आलं, हात दुखतोय. दगडावर तिनं कधी संशय घेतला नव्हता, कारण दगडाची जात तिनं आधीच ठरवून टाकली होती.

बरं, आंधळ्यांत एखादा आगीतला लपला असेल तर बिघडलं काय? इस्पितळाला जाणार ते सगळे डोळसच. ती असं मनाची समजूत घालत उठली आणि ओट्याशी गेली, आणि तिथं समजूत अडकली.

ओट्यावर लिंबू कापायला एक हातभर काळा तुकडा होता. चार वर्षांपूर्वी तिनंच वखारीतून आणलेला, लुकलुकणारा, नंबर एक डोळस. त्यावर फिकट, मेलेले गोल उमटले होते, जिथं जिथं अर्धं लिंबू पालथं पडलं होतं तिथं. याच गोलांवरून चार वर्षं नवऱ्याचा उद्धार चालला होता.

"अहो, इकडं बघा!" ती त्यांच्या उजव्या कानाशी ओरडली. "हे डाग!"

"आता कुठं ठेवलं मी लिंबू?" कानसेन घाबरून म्हणाले. "कांदा आहे हा!"

"तुमची चूक नव्हती ती."

कानसेनांनी सुरी खाली ठेवली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. "पुन्हा बोल," ते म्हणाले. "नीट ऐकू नाही आलं."

लिंबातही अ‍ॅसिडच असतं, असं म्हणत लेकीनं वहीचं पान उलटून दाखवलं. चुनखडक हा स्तरित खडक आहे, अ‍ॅसिड टाकलं की फसफसतो. अग्निजन्य खडक फसफसत नाही. मोरीत फरशी धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली होती. रबरी हातमोजे घालून आईनं तुकडा उलटा केला, पाठीवर थेंब टाकला. पांढरा फेस उसळला, बारीकसा आवाजही आला. डोळस दगड, चांगला डोळे वटारून बघणारा, आणि चिखलाच्या पोटचा. लेकीनं तुकडा दिव्याखाली धरला. ते चमचमणारे कण म्हणजे शिंपल्यांचे चुरलेले तुकडे असणार, असं तिनं सांगितलं. बाईंनी वर्गात तसा एक दाखवला होता.

उद्या दुपारी चाळीस लाद्या ट्रकवर चढणार होत्या.

"नाही सांगितलं तर?" कानसेन म्हणाले. "इस्पितळवाले काय लगेच अ‍ॅसिड ओतत बसणारेत? तोवर तू खुर्चीत बसलेली असशील. आणि सगळेच डोळस थोडेच असे असतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ते तिच्या गुडघ्यांकडं बघून बोलत होते, हे तिला कळत होतं. रोज तिला मोरीतून हाताला धरून उठवायचं काम त्यांचंच होतं.

"खुर्ची कशासाठी मागितली मी?" ती म्हणाली. "दगड ओळखते म्हणून. आणि ओळखत नाही हे आज मला कळलं. आता तिथं जाऊन बसले तर नुसती बसायला बसले असं होईल."

"बसायलाच तर पाहिजे तुला!"

यावर तिला हसू आलं. पण बाटली तिनं पिशवीत घातली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या वखारीत अ‍ॅसिडची बाटली फाटकाच्या आत आणायची नाही, असा कडक नियम होता. फार पूर्वी, मालकांच्या वडिलांच्या काळात, एका बहाद्दरानं तयार झालेल्या लाद्या चकाचक करायच्या म्हणून अ‍ॅसिडनं धुतल्या आणि अर्ध्या लाद्यांची चमक मेली. तेव्हापासून बंदी. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ही कथा सांगत. उरलेल्या अर्ध्या का वाचल्या, हे तीस वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

सकाळी ती केबिनमध्ये गेली तेव्हा तात्या तिथंच चहा पीत बसले होते. तिनं बाटली टेबलावर ठेवली. मालकांचा चेहरा असा झाला की जणू तिनं साप सोडलाय.

"डोकं फिरलंय का तुझं? बाहेर ने आधी ते!"

"नेते. पण आधी ऐका. मी निवडलेल्या लाद्यांत चूक आहे. ट्रक लावू नका."

"काल तर तूच म्हणालीस..."

"काल मला माहीत नव्हतं. रात्री पोरीच्या वहीतून कळलं. डोळस म्हणजे टणक, आंधळा म्हणजे मऊ, हे मी माझ्या मनानं ठरवलं. दगडाला विचारलंच नाही. दगडाचा जन्म कुठला ते बघायचं असतं, डोळे नाही."

"बाई, अगं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस तू," मालक म्हणाले, आणि मग आजूबाजूला धोंडेच धोंडे आहेत हे लक्षात येऊन जरा थबकले.

"पाठीमागच्या बाजूनं एकेक थेंब टाकते. पाठ भिंतीला नाहीतर टेबलाला लागणार, चमक कुठं जात नाही. लगेच पाण्यानं धुते. साठच्या साठ. दुपारपर्यंत होईल."

मालकांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी कप खाली ठेवला. "करू दे तिला. तीस वर्षं इथं बसलोय, माझी एकही चूक निघाली नाही. का माहितीय? कुणी तपासलंच नाही कधी."

मग त्या दिवशी वखारीत करवती बंद राहिल्या. कामगार जमले, क्रेनवाला सगळ्यांत पुढं. आरसेवालीनं एक्केचाळीस डोळस आधी घेतल्या. पहिल्या लादीवर थेंब पडला, तसाच पडून राहिला, पाण्यासारखा. दुसरी, तिसरी, चौथी, तसंच. अकराव्या लादीला फेस आला. तिनं खडूनं फुली मारली आणि पुढं सरकली. पंचविसाव्या लादीवर एका पांढऱ्या शिरेपाशी फसफस झाली तेव्हा तात्या पुढं आले. "शिरेवर नको टाकूस पोरी. शीर म्हणजे मागाहून भेगेत साचलेलं काहीतरी असतं. दगडाच्या अंगावर टाक. तीन जागी." तीन जागी टाकलं, अंग गप्प राहिलं. लादी बचावली. तरी तिनं ती बाजूला काढली. इस्पितळाला शीरही नको.

"आयला, दगडांची रक्ततपासणीच चाललीय," क्रेनवाला म्हणाला, आणि एवढ्या ताणात सगळे हसले.

डोळसांत फसफसल्या तीन. शिरेवाली धरून चार बाद. राहिल्या सदतीस, म्हणजे इस्पितळाला तीन कमी. मालक कपाळाला हात लावून ओंडक्यावर बसले.

"आता आंधळे," ती म्हणाली.

"ते कशाला? ते तर मऊच."

"ते मी म्हणत होते. मालक, माझ्या म्हणण्यावर जाऊ नका आता."

एकोणीस आंधळ्यांतल्या पहिल्या दोघी खवळून उठल्या. एकीच्या पाठीवर तो पांढरा वळसाही सापडला, आणि आरसेवालीनं जमलेल्या सगळ्यांना ती गोगलगाय आहे, ही लादी एके काळी समुद्राचा तळ होती, असं सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. तिसरी मात्र गप्प. चौथीही गप्प. त्यांच्यावर तात्यांनी हातोडी वाजवली तेव्हा डोळसासारखाच खणखणीत आवाज आला. इतक्या बारीक कणांचा दगड, की डोळा हरला होता, पण पोटात आगच. अशा दहा निघाल्या.

सदतीस आणि दहा. चाळीस गेल्या, सात उरल्या.

ट्रक दुपारऐवजी संध्याकाळी लागला. लाद्या चढत असताना मालक तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"साठात तेरा चुका," ते म्हणाले.

"तीन डोळस, दहा आंधळ्या. शिरेवाली माझ्याकडून चुकली नव्हती. तेराच."

"मोजलंस?"

"मोजलं."

"खुर्चीची गोष्ट ठरली होती ती लादी परत आली नाही तर. आता ह्या परत येणार नाहीत, हे मलाही दिसतंय. पण निवडलंस तेव्हा चुकलीस, हेही खरं." मालकांनी घसा खाकरला. त्यांना कुठलीही गोष्ट पुरती द्यायची सवयच नव्हती. "तात्या आणखी तीन महिने थांबतायत. म्हणतात, मलाही शिकायचंय. तोवर त्यांच्याशेजारी एक स्टूल टाकतो. पॉलिशची शेड बंद तुला. गुडघे टेकलेले दिसले तर स्टूलही काढून घेईन. आणि ते तुझ्या पोरीच्या वहीतलं पान आणून केबिनच्या भिंतीला लाव. दोन्ही बाजू, आगीची आणि गाळाची."

"पान नाही मिळणार, परीक्षा आहे तिची. नक्कल करून आणते."

"तुला लिहिता येतं?"

"एकेक अक्षर काढेन. सात चकत्या मारायची सवय आहे मला."

स्टूल आलं. उंच होतं, तिचे पाय खाली लटकत राहायचे. क्रेनवाल्यानं त्यावरून यथेच्छ चेष्टा केली आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पाय ठेवायला एक लाकडी ठोकळा आणून दिला. पहिले काही दिवस ट्रकवाले तात्यांकडं बघूनच बोलायचे. तात्या मान वळवून तिच्याकडं बघायचे. मग हळूहळू ट्रकवाल्यांची मानही वळायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात एक ट्रक आला, नव्या खाणीचा. फळका पडला आणि तिनं पहिल्यांदाच तसा दगड बघितला. काळा, पण एकसारखा नाही. काळ्यात करडे पट्टे, लाटांसारखे वाकलेले. पट्टे म्हणजे थर, म्हणजे गाळाचा म्हणावा, तर कण मोठमोठे आणि घट्ट एकमेकांत गुंतलेले, म्हणजे आगीतला. थेंब टाकला, गप्प. तात्यांनी हातोडी वाजवली, चांगला आवाज. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. केबिनच्या भिंतीवर लावलेल्या तिच्या वेड्यावाकड्या अक्षरांतल्या कुठल्याच बाजूला तो बसत नव्हता.

"चला बाई, लवकर," ट्रकवाला म्हणाला. "आत घेऊ की मागं फिरू?"

"थांबा."

"किती वेळ?"

"पोरगी शाळेतून येईपर्यंत."

मालक केबिनच्या दारात आले. "काय झालं? कुठला आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली. पूर्वी हे दोन शब्द तोंडातून निघायला तिला दोन दिवस लागले असते.

"माहीत नाही म्हणायला खुर्ची दिलीय का तुला?"

"खुर्ची कुठं दिलीय, मालक? स्टूल दिलंय."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. मालकही दाराला टेकून हसू दाबत होते. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं आणि चहाच्या शोधात निघून गेला. ती ठोकळ्यावर पाय देऊन सावकाश उठली, गुडघ्याला हात न लावता, आणि त्या वाकड्या पट्ट्यांवरून बोट फिरवायला लागली. हा कुठून आला असेल? आधी गाळ होता आणि मग आगीजवळ गेला, की आधी आग आणि मग दाबला गेला?